राणीचा नमुना

निघायच्या आदल्या आठवड्यात आमच्या विभागप्रमुखांनी माझा प्रस्ताव परत पाठवला. वर लाल शाईत एकच ओळ होती : शहरातले नमुने पुरेसे आहेत.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या आतड्यांतल्या विषाणूंवर काम करते. पिल्लांना रक्ताची हगवण लागते, उलट्या होतात आणि दोन-तीन दिवसांत ती मरतात. हे करणारा पार्वो नावाचा विषाणू हा माझा मुख्य विषय. पण आमच्याकडे येणारे सगळे नमुने शहरातल्या दवाखान्यांमधले असत, म्हणजे गाडीत बसून दवाखान्यात येणाऱ्या कुत्र्यांचे. मराठवाड्यातल्या एकाही गावातल्या कुत्र्याच्या नमुन्याची नळी आमच्या फ्रीजरमध्ये नव्हती. मी ते सांगायला सरांच्या खोलीत गेले.

"गावठी कुत्र्यांना लस कोण टोचणार आहे?" सर म्हणाले. "मग त्यांच्या पोटातला विषाणू कोणत्या प्रकारचा, हे कळून करायचं काय?"

मी बाहेर आले आणि आठ दिवसांची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' असं लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याहून शेख डॉक्टरांचा फोन आला होता. ते तिथले जनावरांचे डॉक्टर, निवृत्तीला आलेले. एका प्रशिक्षणात आमची ओळख झाली होती. "मॅडम, इथल्या एका गावात पिल्लं मरायलीत," ते म्हणाले होते. "गाव म्हणतंय, ऊसतोडीहून आलेल्या लोकांच्या कुत्र्यांनी रोग आणला. एक कुत्रं मारलंय. तुम्ही या."

त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते पुढे कळेल.

बीड

एप्रिलमधल्या दुपारी बीडच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा खांद्याला पिशवी आणि हातात थर्माकोलचा मोठा डबा होता. रिक्षावाल्याने डब्याकडे पाहून विचारलं, "आइस्क्रीम हाय का?"

"नाही. रिकामा आहे. यात कुत्र्यांची शी भरून न्यायची आहे."

त्याने कोर्टाच्या चौकापर्यंत रिक्षा दामटली. मग म्हणाला, "सरकारी काम का?"

"नाही. रजा काढून आलेय."

"तुमाला पाठवलं कोन मंग?"

"कुणीच नाही."

"मंग खरंच कायतरी काम असंल," तो म्हणाला आणि मला लॉजच्या थेट दारात सोडलं.

संध्याकाळी जवळच्या खानावळीत जेवले. भोवती सगळी क्लासची मुलं-मुली, एका हातात घास आणि दुसऱ्या हातात नोट्स. ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी, वर कच्चं तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी. मी गुहागरची, म्हणजे भात-माशांवर वाढलेली. आमटीच्या पहिल्या घोटाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वाढणाऱ्या बाईंनी न विचारता ताटात कांदा फोडून ठेवला आणि समोर उभ्या राहिल्या. आमच्याकडे पाहुण्याला वाढून माणसं जराशी बाजूला होतात. इथे तुम्ही दुसरी भाकरी घेईपर्यंत कुणी हलत नाही. मी तिसरीही घेतली.

कपिलधार

सकाळी जीपने निघाले. पाटोद्याच्या वाटेवर मांजरसुंब्याच्या अलीकडे कपिलधारला वळले, कारण मला निरोगी कुत्र्यांचेही नमुने हवे होते आणि देवस्थानात कुत्री एका जागी भरपूर सापडतात. डोंगराच्या कुशीत देऊळ आहे. धबधबा त्या दिवसांत भिंतीवरून ओघळणाऱ्या बारीक धारेएवढा उरला होता. तरी खाली उतरलं की गारवा लागतो आणि माणूस आपोआप हळू बोलायला लागतो.

पायऱ्यांपाशी महानंदाबाईंचं बेल-नारळाचं दुकान होतं. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे. दुकानाच्या सावलीत चार कुत्री झोपलेली. मी काय करणार ते सांगितल्यावर त्यांनी पदर खोचला आणि स्वतःच एकेकाचं तोंड धरायला बसल्या. मी मागून कापसाची काडी फिरवायची आणि नळीत बुडवायची.

"ही आजारी न्हाईत," त्या म्हणाल्या. "मंग कावून घेतलाव?"

"आजारी नसलेल्यांच्या पोटात काय असतं ते माहीत असल्याशिवाय आजाऱ्यांचं कळत नाही."

त्यांना ते पटलं. तेवढ्यात मागे खुडबुड झाली. एका माकडाने उघड्या डब्यातून, रात्री लॉजच्या फ्रीजरमध्ये गोठवून घेतलेली बर्फाची निळी पिशवी उचलली, दाताने फोडली, चव घेतली आणि तिरस्काराने दरीत भिरकावली. दुसऱ्याने दुसरी नेली. सकाळचे दहा वाजले होते, ऊन चढत होतं आणि माझा बर्फ संपला होता. मी पायरीवर बसले. रजा, प्रवास, सरांची लाल शाई, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

महानंदाबाई आत गेल्या आणि थंड पेयांच्या फ्रीजमधून गोठलेल्या पाण्याच्या बाटल्या घेऊन आल्या. "यात्रेकरूंसाठी ठिवलेल्या हायत," त्या म्हणाल्या. "तुमी बी आज यात्रेलाच आलाव म्हना." बाटल्या त्यांनी स्वतःच डब्यात रचल्या आणि झाकणाला नारळाची सुतळी आवळून बांधली.

पाटोदा

शेख डॉक्टरांचा दवाखाना बाजाराच्या टोकाला. बाहेर म्हशी, शेळ्या, गोणपाटावर बसलेली माणसं. डॉक्टर उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात थर्मामीटर. माझ्याशी बोलता बोलता त्यांनी एका वासराला इंजेक्शन दिलं, एका बाईला गाभण शेळीबद्दल रागावले आणि मग मला आतल्या खोलीत नेलं. तिथे लसी ठेवायचा फ्रीजर होता. त्याच्या तळाशी प्लास्टिकच्या डब्यात नळ्या होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि बारीक अक्षरं.

"हगवण लागलेलं कुत्रं आलं की एक काडी घेऊन ठेवतो," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच न्हाई. कुणीतरी एक दिवस विचारायला येईल म्हणून."

मी नळ्या मोजल्याही नाहीत, डबाच माझ्या बर्फात ठेवला. चिकटपट्ट्यांवरची नावं मी त्या दिवशी वाचली नाहीत.

दुपारी त्यांच्या घरी खिचडी आणि खट्टा जेवले. चिंच-तिळाचा तो आंबट रस मी वाटीने प्याले. डॉक्टरांच्या पत्नी मला परत परत वाढत होत्या आणि नवऱ्याची तक्रार सांगत होत्या, "घरच्या फ्रीजमध्ये बी ठेवलत्या नळ्या. मी म्हणले, एक तर हे ऱ्हाईल न्हाई तर मी." डॉक्टर मान खाली घालून जेवत होते.

गाव

पाटोद्यापासून पुढे रस्ता बालाघाटाच्या माळावर चढतो. काळ्या खडकावर बोटभर माती, पानं झडलेली सीताफळीची झुडपं, मधूनच मोरांची ओरड. दिवाळीच्या आसपास या गावांतले निम्मे लोक टोळ्या करून ऊस तोडायला पश्चिमेकडच्या कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळा लागला की परततात. या खेपेला ते परतल्यावर आठवड्याच्या आत गावातली पिल्लं मरायला लागली होती.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तात्या बसले होते. सरपंचपद गेलेलं, पण गाव अजून त्यांच्याच तोंडाकडे पाहणारं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "मॅडम, तपासायचं काय हाय त्यात? टोळीची कुत्री आली, रोग आला. कारखान्यावरची घाण घेऊन आली ती. आम्ही सांगितलं, कुत्री ठेवायची असली तर गावाबाहेर ऱ्हावा."

"रोग कोणता तेच अजून माहीत नाही."

"तुमी शिकलेल्या," ते शांतपणे म्हणाले. "पर मेलेली पिल्लं आमी उचलली हायत."

मी कामाला लागले. शेख डॉक्टर सोबत होते म्हणून घरोघरी दारं उघडली. पाच पिल्लं आजारी सापडली, सगळी अडीच-तीन महिन्यांची, डोळे खोल गेलेली, अंगाला तो गोडसर कुजका वास येणारी. हा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. माझ्याकडे जागच्या जागी तपासायच्या पाचच पट्ट्या होत्या. पाचही पट्ट्यांवर दोन-दोन रेघा उमटल्या. पार्वो. पाचही पिल्लांचे नमुने मी नळ्यांत भरले, डॉक्टरांनी पिल्लांना सलाइन लावलं आणि मी बायकांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने अंगण कसं धुवायचं ते दाखवलं. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही.

पण रोग पार्वो आहे, एवढंच कळलं होतं. तो आला कुठून, हे पट्टी सांगत नाही.

गायरान

ज्यांचं कुत्रं मारलं त्या छबूबाईंची खोप गावापासून लांब, गायरानावर होती. बांबूचा सांगाडा, वर ताडपत्री, बाजूला पाचटाचा कूड. बाहेर दोन बैल आणि त्यांच्या मागे बांधलेली तांबूस रंगाची, एक कान तुटलेली कुत्री. मला पाहून ती उठली, पण भुंकली नाही. नवरा दगडूभाऊ बैलांना पाणी पाजत होता. छबूबाई चुलीपुढून उठल्या नाहीत.

"गावाकडून आलाव का?" त्यांनी विचारलं.

"पुण्याहून. कुत्र्यांचा रोग तपासायला."

"एक मारून टाकलं. आता हिला तपासा," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

मी जमिनीवर बसले. शेख डॉक्टर बैलांकडे गेले. दुसरी भाकरी तव्यावर टाकून छबूबाई बोलायला लागल्या, माझ्याकडे न पाहता.

"तोडीला गेलं की उजाडायच्या आत आमी फडात. लेकरू खोपीत एकलं. त्याच्यापाशी कोन? वाघ्या. ह्या हंगामात नात दहा म्हैन्यांची व्हती. वाघ्या पाळण्याखालून हलायचा न्हाई. मुकादम बी त्याला इचारून आत यायचा. गावात आलो अन् चौथ्या दिवशी पिल्लं मरायला लागली. मी पाण्याला गेलते. आले तं पोरं काठ्या टाकून पळाली." त्यांनी चुलीत काटकी सारली. "तात्या म्हनले, कुत्री सोड न्हाई तं गाव सोड. मी म्हनले, गाव सोडते."

"सहा महिने तिकडे खोपीत राहता ना?"

"परक्या मुलखात खोपीत ऱ्हाते त्याचं कायबी वाटत न्हाई. आता गावात बी खोपीतच. हे वाटतंय."

मी त्यांना सांगितलं की मला राणीचा नमुना हवा आहे. त्या कुत्रीचं नाव राणी. छबूबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"अन् नळीत रोग निघाला तं? तिला बी मारतील."

हा प्रश्न मी वाटेत स्वतःला विचारला होता आणि टाळला होता. विषाणू कधीकधी धडधाकट कुत्र्याच्या पोटातही सापडतो. राणीच्या नळीत तो निघाला असता तर माझा कागदच तिच्यावरची काठी झाला असता. "काय निघेल ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "खोटं मला लिहिता येणार नाही. पण काहीही निघालं तरी आधी तुम्हाला सांगेन, दुसऱ्या कुणाला नाही."

दगडूभाऊ म्हणाला, "नको, छबू."

छबूबाई उठल्या. राणीचं डोकं आपल्या गुडघ्यांत धरलं. "घ्या," त्या म्हणाल्या. "वाईट निघालं तं मला एकलीला सांगा. चांगलं निघालं तं सगळ्या गावाला सांगा. त्येंनी मला सगळ्या गावापुढं सांगितलं हाय."

राणी काडी फिरवताना हलली नाही. मग छबूबाईंनी आम्हाला भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला. ताटली एकच होती, ती मला दिली आणि डॉक्टरांना भाकरीवरच ठेचा वाढला. त्या खोपीत बसून मी जेवले तेव्हा गावाकडून दोघं-तिघं लांब उभे राहून पाहत होते. मी मुद्दाम सावकाश जेवले.

परतताना

पाटोद्याहून बीडच्या एसटीत कंडक्टरने डबा वर ठेवायला सांगितला. मी मांडीवरच ठेवला.

"काय हाय एवढं त्याच्यात?"

"कुत्र्यांच्या हगवणीचे नमुने."

माझ्या शेजारचे गृहस्थ उठून मागच्या बाकावर गेले. पुढे मांजरसुंब्यापर्यंत गाडी खचाखच भरली, पण ती एक जागा रिकामीच राहिली. मी तिथे माझी पिशवी ठेवली आणि डब्याला धरून बसले.

पुण्यात मी रविवारी प्रयोगशाळेत गेले. कुणी नव्हतं. प्रत्येक नळीतल्या काडीवरून विषाणूचं जनुकीय द्रव्य काढलं आणि विषाणूच्या कवचाच्या जनुकाच्या असंख्य प्रती करून त्याची अक्षरं वाचायला पाठवली. पार्वोचे प्रकार या कवचातल्या एकाच जागेवरून ओळखतात. तिथला प्रथिनाच्या साखळीतला दुवा बदलला की प्रकार बदलतो. त्याशिवाय इकडेतिकडे बारीक फरक असतात. दोन नळ्यांतले असे फरक तंतोतंत जुळले तर विषाणू एकाच घराण्यातला, असं समजायचं.

राणीची नळी मी सगळ्यांत आधी तपासली. दोनदा केली, मग तिसऱ्यांदा. तिच्यात पार्वो नव्हता. मी खुर्चीत मागे टेकले.

कपिलधारच्या चारही कुत्र्यांत तो नव्हता. गावातल्या पाचही पिल्लांत होता आणि पाचही ठिकाणी एकच बारीक बदल होता, जो आमच्याकडच्या शहरी नमुन्यांत मी पाहिला नव्हता. ऊसपट्ट्यातल्या एका संशोधक मैत्रिणीने तिच्याकडची माहिती पाठवली. तिकडचे तिच्याजवळचे नमुने वेगळ्याच प्रकारचे होते. मग शेख डॉक्टरांच्या डब्यातल्या नळ्या घेतल्या. त्यांतल्या एकीत तोच प्रकार, तोच बदल, शेवटच्या अक्षरापर्यंत तोच विषाणू.

मी चिकटपट्टी भिंगाखाली धरली. गावाचं नाव. 'लॅब्राडोर, नर, अडीच महिने.' तारीख ऐन थंडीतली, जेव्हा छबूबाई, दगडूभाऊ, वाघ्या, राणी सगळे उसाच्या फडात होते. आणि खाली मालकाचं नाव. तात्यांचं.

मी डॉक्टरांना फोन केला. "तुम्हाला माहीत होतं."

"अंदाज होता," ते म्हणाले. "त्यांनी बीडहून पिल्लू आणलतं. आठ दिवसांत आजारी पडलं. माझ्याकडं आणलं, मी वाचवू शकलो न्हाई. पर मी बोललो असतो तं ते माझं बोलणं झालं असतं, मॅडम. नळीतलं असलं की कुणाचं बोलणं ऱ्हात न्हाई."

पुढचं समजणं अवघड नव्हतं. विषाणू त्या पिल्लाबरोबर गावात आला आणि मातीत राहिला. थंडीत जन्मलेल्या गावातल्या पिल्लांना आईच्या दुधाचं बळ होतं तोवर ती टिकली. ते बळ उन्हाळ्याच्या तोंडाशी सरलं आणि नेमक्या त्याच आठवड्यात टोळ्या परत आल्या.

सरांना मी निष्कर्ष दाखवले. त्यांनी दोनदा वाचले. "चांगलं आहे," ते म्हणाले. "छापून येईपर्यंत बाहेर बोलायचं नाही."

"सर, मी परवा गावात सांगणार आहे."

"कुणाच्या परवानगीने?"

"ज्यांनी नमुना दिला त्यांच्या," मी म्हणाले आणि दुसऱ्यांदा रजेचा अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी आधी तारखा पाहिल्या. मग त्यांनी सही केली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

पुन्हा गाव

मे संपत आला होता. आधी गायरानावर गेले. छबूबाई खोपीच्या सावलीत गोधडी शिवत होत्या. मी म्हणाले, "राणीत रोग नाही." त्यांनी सुई गोधडीत खोचून ठेवली, राणीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि विचारलं, "अन् वाघ्यात?"

"ते मला सांगता येत नाही. त्याच्यातलं तपासायला काही उरलं नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या. "पुरलाय की तिकडं." आणि उठून लुगडं नीट केलं. "चला."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर देवळापुढच्या पारावर गाव जमलं. पुरुष पारावर, बायका भिंतीकडेला. मी कागद घेऊन उभी राहिले आणि जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. राणीत हा विषाणू नाही. वाघ्याचं सांगता येत नाही, कारण त्याला तपासायच्या आधी मारलं. पण पिल्लं ज्या विषाणूने मेली तो विषाणू ऐन थंडीत, टोळ्या परतायच्या आधीच गावात होता. तेव्हा आजारी पडलेल्या एका पिल्लाचा नमुना मिळाला आहे आणि तो गावातल्या पिल्लांशी अक्षर न अक्षर जुळतो. ते पिल्लू बाहेरून विकत आणलेलं होतं.

कुणीतरी मागून विचारलं, "कुणाचं पिल्लू?"

"नाव मी सांगणार नाही. आजार आणायचा म्हणून कुणी पिल्लू आणत नाही. नाव घेतलं की पुन्हा कुणीतरी काठ्या घेईल."

मला वाटलं होतं मी योग्य तेच बोलले. भिंतीकडून छबूबाईंचा आवाज आला. मोठा नव्हता.

"माजं नाव घ्यायला कुनी लाजलं न्हाई, ताई."

मी हातातल्या कागदाची घडी घातली. छबूबाईंचं म्हणणं बरोबर होतं आणि तरीही मला नाव घेता येत नव्हतं. तात्या पायांकडे पाहत होते. शेख डॉक्टर चष्मा पुसत होते. तेवढ्यात बायकांमध्ये एक म्हातारी भिंतीला धरून उभी राहिली. तात्यांची आई. गाव त्यांना आक्का म्हणतं.

"आमचं व्हतं ते पिल्लू," त्या म्हणाल्या. "नातवंडांसाठी आनलतं. मेलं तव्हा मीच म्हनले, वड्यात टाकून या, कुनाला सांगू नका. तिथंच गावची कुत्री जात्यात."

"आई, बस खाली," तात्या म्हणाले.

"तू बस. तुला बी ठावं व्हतं त्ये कशानं मेलं. डाक्टरांनी सांगितलतं. तरी तू हिला गावाबाहेर काढलं. मी घरात बसून ऐकत व्हते. आज न्हाई ऐकायची."

तात्या उठले आणि कुणाकडेही न बघता घराकडे गेले. त्यांना कुणी थांबवलं नाही. नंतर सध्याच्या सरपंचांनी घसा खाकरून सांगितलं की टोळीवाल्यांची कुत्री गावाबाहेर ठेवायचा ठराव मागे घेतला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेख डॉक्टरांनी आणि मी देवळामागच्या लिंबाखाली लसी टोचल्या. सुतळीने, चिंधीने, साडीच्या काठाने बांधून लोक कुत्री घेऊन आले. एक आजोबा आपल्या कुत्र्याला खांद्यावर घेऊन आले, कारण तो चालायला तयार नव्हता. छबूबाई राणीला घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पुढच्या बाईने बाजूला होऊन, "तुमी आधी घ्या," म्हटलं. छबूबाई म्हणाल्या, "माजा नंबर आला की घेईन."

काम आटोपल्यावर आक्कांनी निरोप पाठवला की दोघींनी चहाला यावं. मला वाटलं छबूबाई येणार नाहीत. त्या आल्या. तात्या घरात नव्हते. आक्कांनी स्वतः स्टोव्हवर चहा केला आणि छबूबाईंना सतरंजीवर बसायला सांगितलं. त्या बसल्या. राणी उंबऱ्याबाहेर थांबली. आक्कांनी एक बिस्कीट तिच्यापुढे टाकलं. राणीने ते हुंगलं आणि छबूबाईंकडे पाहिलं. छबूबाईंनी मान हलवल्यावर खाल्लं.

"झालं गेलं इसर बाई आता," आक्का म्हणाल्या. "खोप मोड. घरी ये."

"खोप सकाळीच मोडली," छबूबाई म्हणाल्या. त्यांनी कप शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला आणि खाली ठेवला. "चा प्याले, आक्का. तुमी बोललाव त्ये बी ध्यानात ऱ्हाईल. पर वाघ्या इसरायचा न्हाई."

आक्कांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "नको इसरू."

छबूबाई उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि गावाच्या मधल्या रस्त्याने, सगळ्या दारांसमोरून, राणीला मोकळी सोडून आपल्या घराकडे चालत निघाल्या.